ओंडक्यावरचा पंजा

मला जालन्यात ज्या माणसानं ठेवून घेतलं त्याचं नाव शेख इब्राहिम. हे नाव आधीच लिहून ठेवतो. पुढं जे सांगायचं आहे त्यात माझं वागणं असं आहे, की वाचणाऱ्याचं लक्ष माझ्याकडं जाईल आणि त्याचं नाव राहून जाईल. कादराबादेत त्याला सगळे इब्रामचाचा म्हणत. काम आरा ओढण्याचं, म्हणजे ओंडक्यांच्या फळ्या पाडण्याचं.

मी रत्नागिरीकडचा. चौथीत शाळा सुटली ती सुटलीच. पुढं चुलतभावाच्या भरवशावर रेल्वेच्या कामाला म्हणून इतक्या लांब, निजामाच्या मुलखात आलो, आणि तो भाऊ दोन महिन्यांत पटकीनं गेला. तेव्हा माझं वय तेवीस. गावी आई होती, आणि पोरगा मोठ्या कामावर आहे असं ती वाडीभर सांगून बसली होती. परत जायला तोंड नव्हतं. फिरत फिरत अप्पांच्या दुकानात रंधा मारायला लागलो. अप्पा म्हणजे पलंग, कपाटं, कचेरीची टेबलं करून देणारे आमचे मालक. माणूस वाईट नव्हता, पण माझ्या रंध्याखालची फळी कधी सपाट निघाली नाही. पंधरा दिवस बघून ते म्हणाले, "तुझ्या हातात ही कला न्हाई रे बाबा. उगं लाकूड खराब करून राह्यलास. जा गावाकडं."

मी कपडे गोळा करत होतो. तेवढ्यात अंगणातल्या खड्ड्यातून एक डोकं वर आलं. भुशानं पांढरं झालेलं.

"अप्पा, त्याला हिकडं द्या. रंधा न्हाई येत तर नको येऊ दे. अंगात वजन तर हाय."

चाचाचा जोडीदार लढाईत भरती होऊन गेला होता आणि एकट्यानं आरा ओढता येत नाही. अशी मला जागा मिळाली.

ज्यांनी हे काम पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. पुरुषभर खोल खड्डा. त्यावर आडवा ओंडका. एक माणूस ओंडक्यावर उभा, एक खाली खड्ड्यात, आणि दोघांच्या हातात एकाच लांब आऱ्याची दोन टोकं. काव, म्हणजे तांबडी माती, लावलेल्या सुतानं ओंडक्यावर रेघ मारायची. वरच्यानं रेघ सांभाळायची, खालच्यानं ओढायचं. लाकूड कापलं जातं ते आरा खाली येताना, त्यामुळं भुसा सगळा खालच्याच्या तोंडावर. म्हणून सगळीकडं उस्ताद वर उभा राहतो आणि शिकाऊ खाली. आमच्या अंगणात उलटं होतं. पहिल्याच दिवशी चाचा मला म्हणाला, "ए कोकन्या, वर चढ."

"मी वर? उस्ताद तर तुमी."

"रेघ बघून बघून कंटाळलो. तू बघ थोडे दिवस."

अप्पांकडं येणारी गिऱ्हाइकं चेष्टा करत. "काय इब्राम, कोकणातला जावई आणला का? त्याला माडीवर बसवलं अन् सोता तळघरात?"

"जावई न्हाई. वजन हाय ते माझं," चाचा खालून म्हणे.

माझा हात वाकडा जाई. मी वरून रेघ बघत असूनही ती सुटे, आणि त्याला खाली अंधारात ते आधी कळे. "डावीकडं पळून राह्यलास." मी वाकून बघावं, तर खरंच सूतभर डावीकडं. एकदा विचारलं, कसं कळतं. म्हणाला, "आरा एका गालानं गरम झाला. दोन्ही गाल सारखे पायजेत." आणि फळी वाकडी निघाली तर अप्पांसमोर तो एकच वाक्य बोले, "दोघांनी बिघडवली." मी बिघडवली असं तो कधी म्हणाला नाही.

दुपारी भाकरीच्या आधी तो एका तसराळ्यात पाणी घेई, त्यात तोंड बुडवी आणि पाण्यात डोळे उघडे ठेवी. बराच वेळ. मग वर येऊन रुमालानं टिपी. "लई झाडं खाल्ली ह्या डोळ्यांनी," म्हणे. एकदा जेवताना त्यानं डाव्या बाजूचा तांब्या घ्यायला हात केला आणि हात तांब्याच्या वीतभर अलीकडं जमिनीवर टेकला. मी तांब्या पुढं सरकवला. तेव्हा नीट पाहिलं, तर डाव्या डोळ्यात फूल पडलेलं, दुधासारखं. एका डोळ्यानं लांबची रेघ सरळ की वाकडी ते समजत नाही. मला वर चढवलं ते त्यासाठी होतं. इतके दिवस ते मी नुसतं त्याचं चांगुलपण समजत होतो.

"अप्पांना ठाऊक आहे?" मी विचारलं.

"खाली येका डोळ्यावर भागतं. तू जेव."

ते लढाईचे दिवस होते. सागवान सगळं सरकारात जाई, आमच्यापर्यंत पोचत नसे. गावात इंजिनावर चालणारी आरामशीन होती, पण तिचा मालक खेड्यापाड्यांतून आलेलं लाकूड दारात उभं करत नसे. कारण त्यात लोखंड असतं. आपल्याकडं कुणाला बाधा झाली की देवऋषी ती उतरवतो आणि भूत एखाद्या झाडाला खिळ्यानं ठोकून ठेवतो. झाड वाढतं, साल खिळ्यावरून चढते, दहा-वीस वर्षांत वरून काही दिसत नाही. मग झाड पडतं, विकलं जातं, आणि आत खिळा तसाच. मशीनचं पातं त्यावर मोडलं की संपलं. म्हणून मशीननं टाकलेले कडुलिंब, चिंचा, बाभळी आमच्या खड्ड्यावर येत.

त्यासाठी चाचाची रीत होती. आरा लावायच्या आधी तो ओंडक्यावर हात फिरवी. सगळ्या ओंडक्यावर, टोकापासून टोकापर्यंत, तळवा सपाट ठेवून, डोळे मिटून. मध्येच थांबून हातोडीनं ठोकी आणि कान लावी. गाडीवानाला विचारी, "झाडाची कोनती बाजू रस्त्याला व्हती? खाली कोन बसत व्हतं? गावात देवऋषी हाय का?" जिथं शंका येई तिथं छिन्नीनं उकरून खिळा काढी. सगळं झालं की उजवा तळवा कावेत बुडवून ओंडक्याच्या तोंडावर उमटवी. आमच्या धंद्यातली ही सही. ज्याचा पंजा त्यानं ओंडका बघितला. पुढं लोखंड निघून आरा मोडला, तर पंजेवाल्यानं दुकान सोडायचं. हे ऐकायला कडक वाटेल, पण लढाईत नवा आरा कुठून आणणार? एक आरा मोडला म्हणजे चार घरांच्या चुली बंद. चाचा तीस वर्षं पंजा उमटवत होता आणि त्याच्या पंजाच्या ओंडक्यात लोखंड निघालं असं एकदाही झालं नव्हतं. अंबड, भोकरदनकडचे आरेवाले अडलेल्या ओंडक्यासाठी त्याला बोलावून नेत, नुसता हात फिरवायला.

एकदा एका चिंचेत त्यानं ओळीनं सहा खिळे काढले. दुकानातली माणसं लांब जाऊन उभी राहिली. गाडीवानाला खिळे परत देऊ लागला तर तो गाडीच्या पलीकडं पळाला. चाचा म्हणाला, "भूत असलं तरी बिचारंच म्हनायचं. इतकी वर्सं छातीत खिळा घेऊन उभं. सुटलं तर सुटू दे." ते सहाही खिळे त्यानं घरी नेले, भिंतीत ठोकले आणि त्यांवर सदरे टांगले. मी ते सदरे पाहिलेत. त्याच्या घरी गेलो की मी त्या भिंतीकडं पाठ करून बसत नसे.

"तुमच्या कोकनात तर लई भुतं म्हन्तात. मानसांपेक्षा जास्ती हाइत का रे?" तो हसून विचारी.

मी हसत नसे. माझी थोरली बहीण बाळंतपणात गेली तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. ती परत येऊ नये म्हणून आमच्या उंबऱ्यात खिळे ठोकले होते. ठोकताना आई आतल्या खोलीत तोंडात पदर कोंबून बसली होती. हे मी चाचाला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पुढचं टळलं असतं असं मला वाटतं.

कचेरीच्या दफ्तरासाठी कपाटं करायची होती. वाळवी लागू नये म्हणून लिंबाच्या फळ्या हव्या होत्या. अंबड तालुक्यातून एक जुना लिंब आला. त्या सकाळी चाचाला उशीर होणार होता. त्याची बायको कधीच वारली होती. मुलगी जैनबी धावड्याला दिलेली, ती चार दिवस माहेरी राहून परत निघाली होती आणि तो तिला मोटारीत बसवायला गेला होता. अप्पांना घाई. मला म्हणाले, "तीन वर्सं झाली तुला. हात फिरवता येतो का न्हाई? फिरव अन् पंजा मार. इब्राम आला की लागा."

मला अभिमान वाटला, हे कबूल करतो. पंजा मारायला मला पहिल्यांदाच सांगितलं होतं.

ओंडका उतरवताना गाडीवान म्हणाला, "जरा संभाळून. ह्यात ठोकलेली हाय, आमच्या गावची मेलेली बाळंतीण."

मी हात फिरवला. चाचासारखाच, डोळे मिटून. मधल्या भागात तळव्याखाली एक उंचवटा लागला, सुपारीएवढा. हातोडी मारली, तर आवाज बद्द. तिथं खिळा आहे हे मला तेव्हाच कळलं. छिन्नी टेकवली. आणि हात पुढं जाईना. मला आमचा उंबरा दिसायला लागला. हा खिळा मी उपटला तर ती सुटणार, आणि सोडवणारा मी. मी स्वतःला सांगितलं की रेघ इथून चार बोटं लांबून जाते, खिळा फळीत येणारच नाही. छिन्नी खाली ठेवली. तळवा कावेत बुडवला आणि पंजा मारला.

चाचा आला. खड्ड्यात उतरता उतरता विचारलं, "हात फिरवला का?"

"फिरवला."

"बराबर?"

"बराबर."

त्यानं पुन्हा ओंडक्याला हात लावला नाही. दुसऱ्याचा पंजा असला की वर आपला हात फिरवायचा नाही, तो अपमान. माझा तो मान त्यानं ठेवला.

दोन फळ्या निघाल्या. तिसऱ्या रेघेवर, मधोमध आलो तेव्हा आरा खाली जाताना बारीक आवाज झाला. खिळा तिरपा गेलेला होता, सरळ नव्हे. खालचा हात तिथल्या तिथं थांबला.

"रुक," चाचा म्हणाला.

मी रुकलो नाही. ते काय आहे हे मला ठाऊक होतं. त्याला कळायच्या आत एका झटक्यात पलीकडं जावं, एवढंच डोक्यात आलं, आणि मी अंगाचं सगळं वजन आऱ्यावर टाकलं. तो तेव्हा डोक्यावरचा रुमाल मागं सारून, चांगला डोळा चिरेला लावून वर बघत होता. आऱ्याचे दोन दात मोडले. एक नंतर भुशात सापडला.

तो ओरडला नाही. श्वास आत घेतल्यासारखा आवाज आला आणि तो भुशात खाली बसला. दोन्ही हात चेहऱ्यावर.

"अप्पा कुठं हाइत?" त्यानं विचारलं.

"पुढं, गिऱ्हाइकाशी बोलून राह्यलेत."

"खाली ये."

मी उतरलो. त्याच्या बोटांमधून रक्त मनगटापर्यंत आलं होतं.

"खिळा हाताला लागल्ता का तुला?"

खोटं बोलायला जागा होती. पण त्याच्या इतक्या जवळ बसून बोलता आलं नाही. "लागल्ता."

"मंग?"

"भ्यालो, चाचा."

"कशाला?"

"तिला."

त्यानं चेहऱ्यावरचा एक हात काढून खड्ड्याची भिंत चाचपली. मग म्हणाला, "मला वर घे. अन् काव आन."

मला वाटलं, दुखण्यानं तो भलतंच बोलतोय. त्याला वर काढलं. त्याला ओंडक्याच्या तोंडापाशी जायचं होतं. "कुठं हाय तुझा पंजा? दाव." मी त्याचं मनगट धरलं, तळवा कावेत बुडवला आणि माझ्या पंजावर नेऊन ठेवला. तो पंजा मी माझ्या हातानं झाकला, हे मी विसरू शकत नाही. त्यानं फक्त दाबला.

अप्पा धावत आले. त्याला बघितलं, आऱ्याचे दात बघितले, मग ओंडक्याच्या तोंडाकडं गेले.

"पंजा कुनाचा हाय?"

"माझा," चाचा म्हणाला.

"वला दिसून राह्यला."

"रगत हाय, अप्पा."

अप्पांनी माझ्याकडं पाहिलं. मी खाली बघितलं. "इब्राम, तुझ्यासारख्यानं कंटाळा करावा?" ते म्हणाले. त्यांचा आवाज चिडलेला नव्हता, त्यामुळं ते ऐकवत नव्हतं.

"केला कंटाळा. पोरगी गेली, ध्यान न्हवतं."

अप्पांनी टांगा बोलावून त्याला मिशनच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पोलादाचा तुकडा काढला, पण डोळा राहिला नाही. तिसऱ्या दिवशी मी भेटायला गेलो तेव्हा चाचा पट्टी बांधून भिंतीला टेकून बसला होता. मी पायाशी बसलो आणि म्हणालो, आजच अप्पांना खरं सांगतो.

"सांगून काय व्हनार? माझा येकच डोळा व्हता. मी दुकानातून गेलोच. तू बी गेलास तर दोघं गेले. कायले दोघं घालवतो?" मग बऱ्याच वेळानं, "तुझी माय वाट बघत असंल तिकडं." आणि मी गप्प बसलो. त्या दिवशी बसलो तो बसलोच.

आता मी अप्पांकडं आरेवाला आहे. लग्न झालं, मुलगी आहे. आणि इकडच्या आरेवाल्यांत एक बोलणं पडलंय. नवा माणूस ओंडक्यावर हात फिरवायला लागला की जुना म्हणतो, "नीट फिरव, इब्रामसारखं नको करू." माझ्याच अंगणात, माझ्याच जोडीदाराच्या तोंडून मी ते ऐकलंय. मी तेव्हा आऱ्याला तेल लावत होतो. लावत राहिलो.

यंदा मुलखात दंगेधोपे सुरू होऊन रस्ते बिघडायच्या आधी मी धावड्याला जाऊन आलो. मोटारीनं भोकरदनपर्यंत, पुढं बैलगाडीनं. चाचा जैनबीच्या घरापुढं ओट्यावर बसून कुणाच्या तरी विळ्याला कानस मारत होता. बोटांना जागोजागी चिंध्या बांधलेल्या. माझ्या चालण्यावरून त्यानं ओळखलं. "वजन वाढलं रे कोकन्या," म्हणाला. अप्पा बराबर वागतात का, मुलगी बोलायला लागली का, सगळं विचारलं.

जैनबीनं मला घरामागं नेलं. "भाऊ, तुमाला म्हनून सांगते. गेल्या महिन्यात इथल्या सुताराकडं ओंडका आल्ता. सुतारानं अब्बांना बोलावलं, हात फिरवायला. अब्बांनी दाढी केली, धुतलेला सदरा घातला. गेले. तर ज्याचा ओंडका व्हता तो म्हन्ला, इब्राम म्हंजी जालन्यातला त्योच ना? अन् गाडी फिरवून घेऊन गेला. तवापासून अब्बा लोकायचे विळेच घासून राह्यलेत. कुनाशी बोलत न्हाईत." तिला खरं काय ते ठाऊक नव्हतं. त्यानं मुलीलाही सांगितलं नव्हतं.

त्याला डोळे नसले तरी तळवा होता. त्या तळव्यावर तो मरेपर्यंत मानानं जगला असता. ते मी नेलं होतं, हे मला त्या घरामागं उभं असताना कळलं. तोवर मला वाटत होतं, डोळा तेवढा गेला.

मी ओट्यावर येऊन त्याच्याजवळ बसलो. "चाचा, मी अप्पांना सांगतो. समद्या आरेवाल्यांना सांगतो."

कानस चालू होती. "पोरगी किती वर्साची?"

"दीड."

"मंग आता नको सांगू."

"मंग कधी?"

त्यानं विळ्याची धार अंगठ्यानं बघितली आणि दुसऱ्या बाजूनं घासायला लागला.

निघालो तेव्हा तो मला पोचवायला उठला. भिंतीला हात लावत लावत गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत आला. तिथं भिंत संपते. तिथं थांबला. माझी गाडी डावीकडं लागलेली होती. उजवीकडून कुणाची तरी कडब्याची गाडी चालली होती, तिच्या चाकांचा आवाज ऐकून त्यानं तिकडं तोंड केलं आणि हात वर केला. कडब्यावर बसलेल्या माणसानं वळून पाहिलं. मला हाक मारायची होती, पण मारली नाही. गाडी लांब जाईपर्यंत तो तसाच हात वर करून उभा होता.

अप्पांना वाचता येत नाही. म्हणूनच हे कागदावर उतरवायचं मला धाडस झालं, हे मी जाणतो. लिहिलं म्हणजे सांगितलं असं होत नाही. सांगितल्यावर दुकानात माझी जागा राहणार नाही, आणि बायको-मुलीला घेऊन या दिवसांत कुठं जायचं ते मला समजत नाही. अजून तोंड उघडलेलं नाही. पण रस्ते मोकळे झाले की मी धावड्याला जाणार, चाचाला जालन्याला आणणार, आणि अप्पांच्या अंगणात सगळ्या आरेवाल्यांसमोर त्याला पुढं उभं करून त्या लिंबाचं खरं सांगणार. डोळा मला परत देता येणार नाही. नाव देता येईल. चाचा, तेवढं मी फेडीन.